नापासाचा कागद

८ जानेवारी १९९६, लातूर

नोकरीच्या पहिल्याच दिवशी राघवेंद्र सरांनी माझ्या मराठीची लाज काढली. एक काका आले होते, त्यांना मी म्हटलं, "आपण स्वतःचा व्यवसाय सुरू करण्यास उत्सुक आहात काय?" ते नुसते बघतच राहिले माझ्याकडं. सर आतून ओरडले, "मनस्विनी, त्यांना विचार, धंदा टाकायचाय का. बास." काका लगेच म्हणाले, "हाव, टाकायचाय की."

मग सरांनी फर्मान काढलं. रोज घरी गेल्यावर मराठीत लिहायचं, जसं बोलतो तसं. "नांदेडच्या इंग्लिश मीडियमनं तुझं पार वाटोळं केलंय." म्हणून ही वही. मी राहते त्या आत्याच्या कपाटात पडून होती, पहिल्या दोन पानांवर भरतकामाची नक्षी आहे.

आमचं काम म्हणजे शिकलेल्या बेकार लोकांना पंतप्रधान रोजगार योजनेचे फॉर्म भरून द्यायचे. धंद्याचा कागद तयार करायचा, म्हणजे प्रोजेक्ट रिपोर्ट, आणि त्यांना उद्योग केंद्राच्या कमिटीसमोर उभं करायचं. कमिटीनं हो म्हटलं की बँक एक लाखापर्यंत कर्ज देते. तारण नाही, काही नाही! दिल्लीत बसून कुणीतरी हा विचार केला, की लातूरच्या एखाद्या माणसाजवळ डोकं आहे पण गहाण टाकायला काही नाही, तर त्याच्या डोक्यावरच कर्ज द्या. माझ्या तर अंगावर काटा आला वाचताना. लताआत्याला सांगितलं, तर ती म्हणाली, "काटा नंतर आण. आधी वरच्या पोरांची टाकी भर."

वरच्या खोलीत चार पोरं भाड्यानं राहतात. दोघं धर्माबादचे, दोघं बिलोलीचे. बारावीला मेरिटमध्ये यायला लातूरला आलेत. पहाटेपासून क्लासला पळत असतात. आख्खं शहरच असं पळून राहिलंय.

१७ जानेवारी

आज एक बाई आली आणि फॉर्म मागायच्या आधी आमच्या ऑफिसच्या गादीला नावं ठेवली. बसली, उठली, परत बसली, आणि हातानं दाबून म्हणाली, "ही कुणी भरली हो? कापूस सगळा कोपऱ्यात पळालाय. टाकेच घातले न्हाईत मधी."

सरांनी ती गादी दिवाळीला विकत घेतलीये. सरांचा चेहरा!

नाव पुनम. अठ्ठावीस वर्षांची. औसा तालुक्यातलं काजळवाडी गाव, भूकंपात पडलं. तेव्हापासून आईला घेऊन लातुरात आहे, नांदेड रोडला पत्र्याच्या खोलीत. दोन वर्षांपासून एका गादीच्या दुकानात कामाला आहे. आता तिला स्वतःचं टाकायचंय. कापूस पिंजायचं मशीन, शिलाई मशीन आणि एक जागा.

मी विचारलं, गाद्याच का? तर म्हणाली, "मॅडम, लेकरू शिकायला निघालं की घरून समदं देतेत. पेटी देतेत, डबा देतेत, बापाचं घड्याळ देतेत. गादी कोण देतं? एसटीत घेऊन येता येत न्हाई. गादी हितंच घ्यावी लागती."

मी घरी येऊन वर जाऊन बघितलं. चार पोरं, चार गाद्या, चारही लातूरच्या. असे किती हजार असतील! आणि हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही, हिच्या आलं.

फॉर्म भरताना मी विचारलं, "शिक्षण?" ती खाली बघत म्हणाली, "दहावी नापास." मी तर उडालेच. म्हटलं, पुनमताई, चालतंय! योजनेत लिहिलंय, मॅट्रिक पास किंवा नापास. ती मोठ्यानं हसली. "नापासाला बी सरकार कर्ज देतं? मंग ही पोरं कामून मरमर करून राहिलीत?"

मग तिनंच सगळं सांगितलं, मी काही विचारायच्या आत. चौऱ्याऐंशी साली परीक्षा दिली. अण्णा, म्हणजे तिचे वडील, औशाला जाऊन निकाल बघून आले. म्हणाले, इंग्रजीत गेली. सोयरिक आधीच ठरली होती, आठ दिवसांनी लग्न. "नवरा बी दहावी नापासच व्हता. म्हणलं चला, जोडी जमली." चार वर्षांनी त्यानं दुसरी केली आणि ही माहेरी आली. अण्णा रोज संध्याकाळी पारावर बसून सगळ्या गावाला पेपर वाचून दाखवायचे. भूकंपात ते गेले. ती आणि आई खळ्यावर झोपल्या होत्या म्हणून राहिल्या.

हे सगळं तिनं खोळीची शिवण बघावी तसं सांगितलं. सरळ, एका दमात. मला पेन खाली ठेवावं लागलं.

३ फेब्रुवारी

चौदा पानांचा रिपोर्ट झाला! मी स्वतः लिहिला, एक्झिक्युटिव्ह समरीसकट. सरांनी चाळला आणि विचारलं, "दहावीचा पुरावा?"

म्हटलं, "सर, ती नापास आहे."

"मग नापास असल्याचा पुरावा. दहावीला बसली होती हे कशावरून? मार्कशीट आण."

मला हसू आलं. सरांना नाही आलं.

पुनमताई म्हणते, मार्कशीट कधी आणलीच नाही. नापासाची कोण आणतं? औशाची ती शाळा भूकंपात पडली, रजिस्टरचं कपाट खाली गेलं, वरून पाऊस झाला. बोर्डाकडून दुसरी प्रत मागवायची तर सीट नंबर लागतो, आणि तीन-चार महिने सहज जातात. आणि कमिटी वीस मार्चला. त्याच्यानंतर निवडणुका, मग पुढची कमिटी कधी बसेल कुणालाच माहीत नाही.

ती बोटं मोडत बसली होती. म्हणाली, "मनू, गादी जूनमधीच विकती. पोरं जूनमधी येतेत. जून हुकला तर वर्ष गेलं. आन मालक म्हणून राहिलाय, औंदा दुकान जावयाला देतो. जावई बाया कामाला ठेवत न्हाई."

येताना क्लासेसच्या रस्त्यानं आले. दोन्ही बाजूंनी बोर्डच बोर्ड, मेरिटवाल्या पोरांचे फोटो, खाली टक्के पॉइंटसकट. आणि मी ह्या गावात एका बाईच्या नापासाचा कागद शोधून राहिले! असं काम जगात दुसऱ्या कुणाला असेल का?

९ फेब्रुवारी

पुनमताईच्या घरी गेले होते. एक खोली, पण इतकी स्वच्छ की चप्पल कुठं काढावी कळेना. तिची आई, केवळाबाई मावशी, चुलीपाशी. मी कागदाचं सांगितलं, तर त्या एकदम वैतागल्या.

"कामून उकरायलीस गं पोरी? नापासाचा कागद कुणी जपतं का?"

"मावशी, त्याच्याशिवाय कर्ज नाही."

"तर दुसऱ्या कुणाच्या नावानं भरा. चुलतभाऊ हाय की तिचा."

पुनमताई म्हणाली, "आई, मशीन मी चालवणार आन नाव त्याचं? खुळी झाली का?"

मावशींना ऑफिसची फार भीती वाटते, मला कळलं. खेड्यातल्या बायकांना कागद म्हटलं की धडकीच भरते. सरांना सांगितलं पाहिजे, आईवडिलांसाठी पण आपण एक दिवसाचं मार्गदर्शन ठेवलं पाहिजे.

मग मी विचारलं, शाळेतले कुणी सर आहेत का अजून? पुनमताई म्हणाली, हेडमास्तर होते रामलिंग गुरुजी, रिटायर होऊन मुदखेडकडं गेले म्हणतात. मावशींचा हात भाकरीवर थांबला. "त्यो गुरुजी जित्ता हाय आजून?"

जुन्या ओळखीचं माणूस निघालं की म्हाताऱ्या माणसांना किती वाटतं! मी म्हटलं, शोधते की, मावशी. बाबांना फोन करते. भाकरी करपली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. चहात साखर दोनदा पडली, तरी मी प्याले.

२१ फेब्रुवारी

बाबा ग्रेट आहेत! नांदेडच्या शिक्षक पतपेढीत विचारून विचारून गुरुजींचा पत्ता काढला. मुदखेड, स्टेशनच्या मागं. परवा आम्ही निघतोय.

मावशी म्हणाल्या, त्यांचे गुडघे दुखतात, पुनमनं जाऊ नये. पुनमताईनं त्यांना तेल लावून दिलं, शेजारणीला सांगितलं आणि बॅग भरली.

२४ फेब्रुवारी, नांदेड

आज जे झालं ते नीट लिहिता येतंय का बघते.

काल एसटीनं आलो, आमच्याकडं मुक्काम केला. आज सकाळी मुदखेड. गुरुजींचं घर रुळाच्या इतकं जवळ की इंजिन शंटिंगला लागलं की भांडी वाजतात. गुरुजी एकोणसत्तर वर्षांचे. जाड चष्मा, पण दारातूनच म्हणाले, "पाटी आडवी धरून लिहायची ती पोरगी न्हवं का तू? काजळवाडीची?"

पुनमताईनं पाया पडून सांगितलं, "गुरुजी, माझी दहावीची मार्कशीट पाहिजे व्हती. नापासाची."

मला वाटलं ते म्हणतील, वेडी का तू? पण ते उठले, खाटेखालून एक लोखंडी पेटी ओढली. आत कापडात बांधलेले गठ्ठे, साल घालून. मी विचारलं, हे काय? तर गुरुजींनी जे सांगितलं ते मी जन्मात विसरणार नाही. जी पोरं मार्कशीट न्यायला आलीच नाहीत, त्यांच्या मार्कशीट गुरुजींनी जपून ठेवल्या होत्या. रिटायर होताना नव्या हेडमास्तराला म्हणाले, ह्या घे. तो म्हणाला, कचरा कशाला ठेवू? म्हणून गुरुजी त्या सोबत घेऊन आले. "लेकरू कधी बी येईल. आलं आन कागद नसला तर म्या काय तोंड दाखवू?" बारा वर्षं! मुदखेडला, खाटेखाली! शाळा पडली, कपाट गेलं, सगळं गेलं, आणि हे राहिलं.

चौऱ्याऐंशीच्या सालात दोन गठ्ठे. एक लहान, एक मोठा. पुनमताईनं मोठा उचलला, नापासांचा. एकेक कागद काढून बघत गेली. पाच, दहा, सतरा. तिचं नाव नाही. मला रडूच यायला लागलं. गुरुजी अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. वर बघून म्हणाले, "त्यात कामून हुडकायलीस? तू त्यात कुठंय? हा घे, ह्यो."

लहान गठ्ठा. पासांचा. वरून तिसरा कागद.

पास! पुनमताई पास आहे! बारा वर्षांपासून पास आहे!

मी ओरडलेच. गुरुजींची सून पळत बाहेर आली. पुनमताईनं कागद खिडकीकडं धरून वाचला. आधी स्वतःचं नाव, मग एकेक विषय बोट ठेवून. मग म्हणाली, "गुरुजी, मी इंग्रजीत गेले व्हते ना?"

"इंग्रजीत एक्कावन्न हायत तुला. डोळे हायत का?" गुरुजी चिडले. "तुझा बाप आला व्हता की निकालाला. म्या सोता हातात लिस्ट दिली. म्हणलं, पेढे पाहिजेत बरं का. हाव म्हणले. पेढे काय आले न्हाईत."

इतक्या वर्षांनी गुरुजींना पेढे आठवतात! मी पळत स्टेशनवर गेले, पाव किलो पेढे आणले. परत आले तर पुनमताई ओसरीवर बसून पाणी पीत होती. तिसरा तांब्या होता म्हणे.

येताना गाडीत मी बराच विचार केला आणि मला कोडं सुटलं. निकालाच्या लिस्टवर किती बारीक नंबर असतात! अण्णांनी गडबडीत शेजारच्या मुलीचा नंबर बघितला असणार. मी पुनमताईला तसं सांगितलं. तिनं खिडकीतून बाहेर बघत म्हटलं, "हाव. तसंच झालं आसंल."

घरी बाबांनी तिच्याशी हात मिळवला. ती लाजली. पेढा मात्र खाल्ला नाही, दात दुखतो म्हणाली.

२६ फेब्रुवारी, लातूर

मला काही कळेनासं झालंय.

आम्ही खोलीवर पोचलो तर मावशी दारातच उभ्या. शेजारीण म्हणाली, दोन दिवस जेवल्या नाहीत नीट. आम्ही चप्पल काढायच्या आत मावशींनी विचारलं, "घावला का कागद?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात पुनमताईनं माझ्या पायावर पाय ठेवला. जोरात. आणि म्हणाली, "घावला. नापासच हाय. इंग्रजीतच गेले व्हते. पन कर्जाला चालतं म्हणले."

मावशी तिच्याकडं बघत राहिल्या. मग मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई. बरं झालं, घावला."

बाहेर आल्यावर मी पुनमताईला विचारलं, एवढी चांगली बातमी आणि तू आईला खोटं सांगितलं? किती आनंद झाला असता त्यांना! तर ती म्हणाली, "मनू, तुला माझी शपथ हाय. आईला सांगायचं न्हाई. कधीच न्हाई."

मी हो म्हटलं. पण का? बहुतेक तिला मशीन आल्यावर सरप्राइज द्यायचं असेल.

२० मार्च

आज कमिटी. मोठ्या टेबलामागं चौघं साहेब. एकेकाला तीन-चार मिनिटं. आमच्या आधी एक पोरगा गेला, एसटीडी बूथवाला. त्याला विचारलं, दिवसाला किती फोन होतील? तो म्हणाला, रिपोर्टात लिहिलंय. गेला बिचारा.

मी मागच्या खुर्चीवर बसले होते.

पहिला प्रश्नच वाकडा. "अर्जात आधी नापास लिहून खोडलंय. आता पास. काय भानगड आहे?"

पुनमताई म्हणाली, "साहेब, मला बी आत्ताच कळलं." सगळे हसले. ती नाही हसली.

मग बँकेचे साहेब म्हणाले, "जून-जुलैत गाद्या खपतील, मान्य. पुढं दहा महिने मशीन काय करेल?"

हे माझ्या चौदा पानांत कुठंच नव्हतं! पुनमताई म्हणाली, "साहेब, बारावी झाली की पोरगं गादी खोलीवर टाकून जातं. घरमालकाला ती अडगळ. दरसाली एप्रिलात गच्च्यांवर बघा, ढीग आसतेत. मी त्या उचलते, पिंजते, उन्हं दाखवते, नवी खोळ घालते. ज्याच्या बापाजवळ नव्या गादीला पैसे न्हाईत, त्याला ती. म्हणून मशीन बारा महिने चालतं."

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, "आमच्या गच्चीवर तीन आहेत. घेऊन जा."

परवा यादी लागेल. पण मला माहितीये. ह्या नोकरीनंतर मला एमबीए करायचं होतं, पण आता वाटून राहिलंय, आधी हिच्याजवळच शिकावं.

२२ मार्च

यादीत चौथं नाव!! सरांनी स्वतः चहा पाजला, आणि ऑफिसची गादी पुनमताईच्या पुढ्यात टाकून म्हणाले, "पहिलं गिऱ्हाईक मी."

११ मे

एवढे दिवस लिहिलं नाही कारण लिहिण्यासारखं काही नव्हतंच, नुसत्या बँकेच्या चकरा. आज मशीन आलं. सोलापूरहून, टेम्पोत उभं बांधून. चालू केलं आणि कापूस असा उडायला लागला की पाच मिनिटांत आम्ही तिघी पांढऱ्या. गच्चीवरून आणलेली एक काळीकुट्ट, दगडासारखी गादी पुनमताईनं त्याच्यात घातली. दुसऱ्या बाजूनं ढग बाहेर आला. मी हात लावून बघितला, कोमट होता.

मी खुणेनं विचारलं, आता सांगायचं मावशींना? तिनं मान हलवली. नाही.

१६ जून

आज मला सगळं कळलं. मी किती बावळट आहे, तेही कळलं.

दुकान नुसतं भरून वाहतंय. मी रविवारी मदतीला जाते. दुपारी पुनमताई आत मशीनवर होती, त्या आवाजात आतलं माणूस बाहेरचं ऐकूच शकत नाही. मी आणि मावशी बाहेर टाके घालत होतो. मावशींनी सुई खोळीत टोचून ठेवली आणि म्हणाल्या, "पोरी, त्या कागदाची झेराक्स तुझ्याजवळ आसंल."

होती. फाईल पिशवीतच होती. पण मी शपथ घेतलेली! मी म्हटलं, "मावशी, मला सांगता येणार नाही."

"पास का नापास ते सांगू नको. तिनं तुला शपथ घातली आसंल, मला ठाव हाय. मला फकस्त आकडे वाचून दाखव."

आकडे वाचायची तर शपथ नव्हती. मी झेरॉक्स काढली. मराठी अठ्ठावन्न. हिंदी चोपन्न. इंग्रजी एक्कावन्न. गणित एकशे तीन, दीडशेपैकी.

"एकशे तीन." मावशी म्हणाल्या. "म्हंजे खरंच व्हतं."

मग हळूच, टाके घालता घालता बोलल्या. अण्णा औशाहून आले, बैलाच्या दावणीपाशी बसून राहिले, पाणी सुद्धा घेतलं नाही. "म्हणले, केवळा, गणितात शंभराच्या वर हायत तिला. आन मंग म्हणले, नापास सांगायचं. तिकडचं पोरगं नापास. पास झालेली सून चालना त्येंना, तसं बोलूनच गेले व्हते. पत्रिका वाटल्या व्हत्या. म्या बी हाव म्हणलं." त्यांनी दोरा दातानं तोडला. "नवऱ्यानं टाकल्यावर ह्ये म्हणले, आता तरी सांगून टाकू. म्याच म्हणलं, आता सांगून तिला काय मिळंल? सांगू कधी तरी. आन मंग घरच पडलं."

शेजारच्या मुलीचा नंबर! मी पुनमताईला गाडीत बसून हे ऐकवलं होतं, आणि ती "हाव" म्हणाली होती. ती गुरुजींच्या ओसरीवर तीन तांबे पाणी प्यायली तेव्हाच तिला सगळं कळलं होतं. आणि इथं येऊन तिनं आईला सांगितलं, नापासच हाय.

मावशी म्हणाल्या, "मला कळलंय ह्ये तिला सांगू नको. माझ्यापायी बोलली ती. राहू दे तसंच." मी मान हलवली. आता माझ्याकडं दोघींची एकच गोष्ट, आणि दोघींनी एकमेकींपासून लपवून ठेवायला दिलेली.

तेवढ्यात एक बाप-लेक आले, बिलोलीकडचे. मुलगी अकरावीला लातूरला राहणार. पुनमताईनं मशीन बंद केलं, कापूस झटकत बाहेर आली. एकदम शांत झालं सगळं, कान वाजायला लागले. तिनं एक गादी अंथरली. "झोपून बघ गं. लाजू नको. दोन वर्षं हिच्यावरच झोपायचंय तुला."

मुलगी आडवी झाली, ओढणी नीट करून. बाप म्हणाला, "लई हुशार हाय आमची. गणितात एकशे एकोणचाळीस घेतलेत."

"आमच्या पुनमला एकशे तीन व्हते," मावशी म्हणाल्या.

मोठ्यानं. रस्त्यापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.

पुनमताईच्या हातात सुतळी होती. ती तशीच राहिली. ती माझ्याकडं बघेल असं मला वाटलं, मी नाही सांगितलं, मी नाही सांगितलं, असं मी मनात घोकत होते. पण तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. ती आईकडं बघत होती. मावशींनी पदर तोंडाला लावला, पण मान खाली घातली नाही.

"आन इंग्रजीत?" बापानं आपलं सहज विचारलं.

गादीवर पडलेली मुलगी सगळ्यांकडं टकमक बघायला लागली.

"सांग की आई," पुनमताई म्हणाली. आवाज फाटला तिचा. "इंग्रजीत किती व्हते मला?"

"एक्कावन्न," मावशी म्हणाल्या. "पास व्हती माझी लेक. समद्यात पास व्हती."